नोकरी पक्की

एमबीए झालं, वर फायनान्सचं सर्टिफिकेटही झालं. पण कंपन्यांचे उंबरठे झिजवूनही त्याला कुणी दारात उभं करेना. शेवटी सर्टिफिकेटच्या क्लासवाल्या सरांनाच कीव आली. त्यांनी त्याला क्लासच्या चौकशी-काउंटरवर चिकटवलं, आणि स्वतःचा कोट-टाय चढवायला लावून काढलेला त्याचा हसरा फोटो भिंतीवर लावला : ‘कोर्स संपला, नोकरी पक्की!’

आज एक बाई लेकीला घेऊन आल्या. काउंटरवरच्या चुरगळलेल्या शर्टाला त्यांनी ओळखलंच नाही. फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या, “दादा, आमची सगळी मदार हिच्यावर आहे. खरं सांगा, या मुलाला इथं शिकून नोकरी लागली?”

सर काचेआडून बघत होते.

“हो काकू, लागली,” तो म्हणाला. आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.