गुरुवारची जाळी

साहेबाची ही खोड सासूबाईंना भारी झोंबली: समोरचं माणूस तोंड उघडायच्या आधीच हा नकाराची मान हलवून मोकळा.

"मावशी, तपासणी गुरुवारी," कामगार निरीक्षक म्हणाला. "कारखान्याची गाडी गुरुवारी येते न्यायला."

"कारखान्याची?"

"आमची सरकारनं काढून घेतली. निधीच नाही. माणसं तरी कुठायत?" खोलीत बारा टेबलं होती. अकरांवर धूळ, बाराव्यावर तो.

"तरीच! मालक तुम्हाला गाडी धाडतो आणि पत्रा कापायच्या प्रेसला हात वाचवणारी जाळी लावतो. तुम्ही चहा पिऊन वळलात की जाळी काढली. जाळी असली की माल कमी निघतो ना! माझ्या थोरल्या सुनेची दोन बोटं गेली ती शुक्रवारी. कालपासून त्याच मशीनवर धाकटीला बसवलीय."

निरीक्षकाची मान हलायची थांबली.

"बसनं चला. तुमचं तिकीट मी काढते."

"तक्रारदाराकडून तिकीट? ती लाच होते, मावशी."

"अगं बाई! माझं तिकीट लाच, आणि मालकाची गाडी?"

तो पेपरवेट फिरवत राहिला.

"मग चालत चला. तासाभराची वाट. माझे गुडघे साठीचे आहेत, तुमच्यापेक्षा तेच कुरकुरायला हवेत."

"न कळवता गेलो आणि मालकानं वर तक्रार केली तर?"

"तर वरच्यांना म्हणावं, आधी गाडी द्या, माणसं द्या. मी येते सोबत सांगायला. माझ्या तोंडाला निधी लागत नाही."

त्यानं खण उघडला, नोटिशींचं पुस्तक काढलं आणि चपला शोधल्या.

गाडीतून न उतरलेल्या साहेबाला फाटकावरच्या वॉचमननं आधी ओळखलंच नाही. ओळखून फोन लावेपर्यंत दोघं आत पोचले होते.

जाळी भिंतीला टेकून उभी होती. धाकटी उघड्या हातांनी प्रेसखाली पत्रा सरकवत होती. निरीक्षकानं आधी बटण बंद केलं, मग म्हणाला, "ताई, बाजूला व्हा." जाळी बसेपर्यंत मशीन बंद, अशी नोटीस त्यानं प्रेसवरच चिकटवली. कागद वाकडा लागला, पण लागला.

मालक धापा टाकत आला. "साहेब, कळवायचं तरी! गाडी धाडली असती."

निरीक्षकानं बाहीनं घाम पुसला आणि सासूबाईंकडे पाहिलं.

"इतके दिवस इथं मालकाचा पाहुणा यायचा, साहेब," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सरकार आज आलं."