स्वयंपाकघरातला अलार्म

“आजी, हॉलमध्ये धुराचा अलार्म लावतो आणि स्वयंपाकघरात उष्णतेचा,” शिडीवरून वायरमन म्हणाला. “वाजला की तिकडे जर्मनीत तुमच्या लेकाच्या मोबाइलवर लगेच कळेल.”

वत्सलाबाईंचे डोळे लकाकले. उमेशचा फोन महिना महिना येत नसे. “मी अमावास्येला त्याच्या फोटोवरून मिरच्या ओवाळून गॅसवर जाळते. तेवढ्यानं वाजेल?”

“छे! उष्णतेचा धुराला भीक घालत नाही. आग भडकली तरच बोंबलतो.”

“मग इथेही धुराचाच लाव.”

“अहो, साध्या फोडणीलाही ठणाणा करेल!”

“करू दे की. तुझं काय जातंय?”

वायरमनने हसत धुराचा अलार्म ओट्यासमोर छताला धरला आणि चाचणीचं बटण दाबलं. घर दणाणलं. पाठोपाठ बाईंचा फोन वाजला.

“आई! आधी घराबाहेर पड! गॅस बंद केलास का? बोल ना गं!” उमेश धापा टाकत होता. लहानपणी जत्रेत हात सुटला तेव्हा त्याने अशीच हाक मारली होती.

“अरे, काही नाही. वाजतो का ते बघत होतो. जेवलास का?”

“मीटिंग सोडून पळत आलोय गं, नंतर बोलतो,” म्हणून त्याने फोन ठेवला.

“उष्णतेचाच लाव, बाबा. पोराचा जीव असा उडायला नको,” बाई म्हणाल्या खऱ्या, पण कानाला लावलेला फोन काही त्यांच्याने खाली ठेववेना.