चार नळ्यांची जीप

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पण त्या दुष्काळात आमच्या टेकडीवरच्या वस्तीला पाणी यायचं ते माझ्या जीपमागच्या टाकीतूनच. भरली टाकी चढावर ओढवत नव्हती, म्हणून मी अर्धीच आणायचो.

निलंग्याच्या साहेबराव मिस्त्रीनं इंजिनाचा धूर एकत्र करून बाहेर सोडणारा जुना ओतीव मॅनिफोल्ड काढला आणि चार सिलिंडरना चार वेगळ्या नळ्या वाकवून बसवल्या.

"धूर मोकळा सुटला की ताकद वाढती," तो म्हणाला. "आवाजबी वाढंल. तेवढा सोसा."

दुसऱ्या दिवशी जीप काठोकाठ भरलेली टाकी घेऊन एका दमात वर चढली. कुत्री पळाली, शेळ्यांनी दावी तोडली. व्यंकटराव पाटील कानांवर हात ठेवून म्हणाले, "श्रीमंता, पाणी आणायलास का तोफ डागायलास?"

मी ओशाळून रांगेकडं पाहिलं, तर सगळ्यात पुढं सरजाबाईची घागर. घरचे रोजगार हमीच्या कामावर गेले की म्हातारी एकटीच असायची. कानानं अधू. गाडी आल्याचं तिला कळायचंच नाही, आणि ती पोचेपर्यंत टाकीचा तळ दिसायचा.

आज ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आज कुठं नीट बोलली बघ तुझी गाडी," ती म्हणाली. "इतके दिस आमच्या सुनेवानी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती."