येऊ दे, येऊ दे

वीस मीटरवर, रस्त्याच्या मधोमध, हत्तीण कान पसरून उभी होती. मागे तिचं पिल्लू.

अपघातानंतर वर्षभर केतकीने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आफ्रिकेतल्या या अभयारण्यात रस्ता सरळ, रिकामा बघून निनादने तिला आग्रहाने बसवलं होतं. "फक्त कॅम्पपर्यंत चालव."

"निनाद, तू ये ना इकडे," ती पुटपुटली.

"इथे गाडीतून उतरायला बंदी आहे. रिव्हर्स घे, हळूहळू."

"तुझ्या उंचीला लावलेल्या आरशात मला नुसतं छत दिसतंय!"

मागच्या सीटवर त्यांची लेक पर्णा गुडघ्यांवर उलटी बसली आणि काचेतून बघू लागली. "येऊ दे... येऊ दे... आपल्या सोसायटीच्या पार्किंगपेक्षा सोपं आहे गं! येऊ दे!"

केतकीने रिव्हर्स टाकला आणि गाडी सरळ मागे जात राहिली. अखेर हत्तिणीने कान खाली घेतले आणि पिल्लासह ती झाडीत शिरली.

कॅम्पवर उतरायला परवानगी होती. निनादने किल्लीसाठी हात पुढे केला.

केतकीने त्या हातात रिकामी बाटली ठेवली. "पाणी भरून आण," ती म्हणाली आणि आरसा आपल्या उंचीला लावू लागली.