माल्टा लहान पडलं

पळसाच्या पानांचा व्यंकटी अंगणात बांधून तयार होता; डोक्याच्या जागी नारळ तेवढा बसवायचा राहिला होता. तो नारळ त्याच्या आईनं, धुरपताबाईनं, पोटाशी धरला होता आणि काही केल्या सोडत नव्हती.

व्यंकटी इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला. बसऱ्याहून त्याचं एक कार्ड आलं, त्याला चार वर्षं लोटली. लढाई मिटली, पोरगा काही परतला नाही. म्हणून तो गेला असं धरून आज भाऊबंद त्याच्या नावानं हा पानांचा पुतळा जाळणार होते.

"मुंजाजीदादा, तुमी लढाई पाह्यली हाय. सांगा की, कुठं असंल माझं लेकरू?"

सगळ्यांच्या माना म्हाताऱ्या मुंजाजीकडं वळल्या. मागल्या लढाईत तो खेचरं हाकायला गेला होता, एवढं खरं. पण बोटीवरून मगरीला तंबाखू चारल्याचं त्यानं सांगितलं, तेव्हापासून झरी गावात त्याचा शब्द कुणी धरत नव्हतं.

दारात व्यंकटीची बायको कोकिळा उभी होती. कुंकू आज तिनं नेहमीपेक्षा ठसठशीत लावलं होतं.

"माल्टात असंल," मुंजाजीनं ठोकून दिलं. "दर्यातलं बेट हाय. त्यांची माल्टी बोली तेवढ्या बेटावरच बोलतेत. या टोकाला खोकलं की त्या टोकाचा मानूस पान्याचा तांब्या घेऊन येतो. तिथं कुनी हरवतच न्हाई, माय."

भाऊबंदांत खसखस पिकली. धुरपताबाई हसली नाही.

"एवढंसं? मग चार वर्सांत त्यो कुनालाच कसा घावला न्हाई?"

उभ्या जन्मात मुंजाजीची थाप इतकी सरळ कुणी पकडली नव्हती.

व्यंकटीचा चुलता माणिकराव पुढं झाला. "वैनी, द्या तो नारळ. भटजी खोळंबलेत."

"चुकलो, चुकलो!" मुंजाजी घाईनं म्हणाला. "माल्टात न्हाई. बसऱ्याच्या वर, इरानाच्या पल्याड. तिथं उजबेकी बोलतेत. लय मोठा मुलूख! ताशकंद, समरकंद, बुखारा... उंटावर म्हैनाभर चाला, बोली तीच. डोंगर वलांडून काबूलच्या अंगाला उतरा, तरी बाजारात तीच."

"तिथून टपाल येतं का?"

"कुठलं टपाल, माय? वाळूच वाळू."

"आता मगर काढतो बघा म्हातारा," मागून कुणीतरी बोललं.

"मुंजाजी, पुरं करा," माणिकराव म्हणाला. "उन्हं चढायलीत. पानं वाळायलीत."

धुरपताबाईनं दिराकडं पाहिलंसुद्धा नाही. ती नारळासकट मुंजाजीच्या पुढ्यात येऊन बसली.

"म्हैनाभरात तर मानूस बैलगाडीनं हैदराबादेला जाऊन येतो, दादा," ती हळूच म्हणाली. "चार वर्सं झालीत. मुलूख आनखी मोठा करा."