राखून ठेवलेली साक्ष

केदारनं टीव्हीवरचं घेऊन ठेवणाऱ्या रेकॉर्डरचा शेवटचा स्क्रू काढून झाकण उचललं. आत धुळीचा कण नव्हता. शेवगावात बारा महिने सगळ्यावर धूळ बसते, पण शांतवन गुरुजींनी हे यंत्र चार वर्षं क्रोशाच्या रुमालाखाली आणि वर प्लास्टिक घालून ठेवलं होतं.

"वापरलंच नाही की काय हो, गुरुजी?" चौथीत केदारनं त्यांच्या हातचा मार खाल्ला होता. आज स्वतःचं दुकान असूनही गुरुजी बसल्याशिवाय तो बसला नव्हता.

"वर्षातनं एकदा लावायचो. तिच्या वाढदिवसाला. पुढची पाच मिनटं, की बंद. टेप घासती ना."

या यंत्रात टेप नव्हतीच. हार्ड डिस्क होती आणि ती आता वीज दिली की नुसती टकटक करत होती. गुरुजींनी आधी यंत्र पुण्याला पाठवून पाहिलं होतं, पण तिथल्या डेटा काढून देणाऱ्या माणसांनीही हात टेकून ते परत पाठवलं होतं. त्यातलं काही निघणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

डिस्कवर होती गुरुजींच्या बायकोची, सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या कृपा सिस्टरची साक्ष. रविवारच्या भक्तीत ती चर्चमध्ये उभी राहिली होती आणि देवानं आपल्याला कुठून कुठं आणलं ते तिनं सगळ्या मंडळीसमोर सांगितलं होतं. गुरुजी त्या दिवशी निवडणुकीच्या ड्युटीवर. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, मशीनमध्ये उतरवून घेतलीय, बघा सवडीनं. सवड त्यांना तिच्या माघारी मिळाली.

"ज्यानं कॅमेऱ्यात घेतली त्याच्याकडं असेल की," केदार म्हणाला.

"बेंजामिननं घेतलेली. त्याच कॅसेटवर त्यानं पुढं बारसं घेतलं." गुरुजींनी चष्मा काढून पुन्हा घातला. "मंडळीत सगळ्यांना इचारलं. लई चांगली साक्ष हुती म्हणत्यात. काय म्हणाली, ते एकालाबी सांगता येत न्हाई."

"तुम्ही कुठपर्यंत ऐकली होती?"

"राजूरपर्यंत. लग्नाला सा म्हैने झाले अन् तिची तिकडं बदली झाली. नोकरी सोडते म्हणत हुती, मीच नको म्हणालो. दोन वर्सं एकटी काढली तिनं तिथल्या पावसात. साक्षीत म्हणती, राजूरला यष्टीतून उतरले अन् स्टँडवरच रडू आलं. तिथं बंद केलं मी. पुढचं यंदाला राखून ठेवलं हुतं."

केदारनं जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली. तिच्या जागी त्यानं तशीच दुसरी बसवली. नेवाशातलं सायबर कॅफे बंद पडलं तेव्हा तिथल्या कॉम्प्युटरमधून काढलेली, याच मापाची. केबल लावली, टीव्ही जोडला. पडद्यावर प्रश्न आला: नवी डिस्क तयार करायची का? केदारनं गुरुजींकडं पाहिलं आणि 'हो' दाबलं.

यादी उघडली. कोरी.

"खाली बघ की जरा," गुरुजी म्हणाले.

"खाली काही नाही, गुरुजी."

"मशीन तर तेच हाय ना? माझं काय चुकलं म्हनायचं मग?"

खोटं बोलावं असं केदारला फार वाटलं. पण समोर गुरुजी होते. "घासत नाही ही. उलट फिरत राहिली तर बरी असते. पडून राहिली की कधीकधी जाम होते." मग तो घाईनं म्हणाला, "तरी नक्की सांगता येत नाही."

गुरुजींनी मान हलवली. फळ्यावरचं उत्तर बरोबर आलं की हलवायचे, तशीच.

केदारनं उगाच हात चालू ठेवले. मनगटावरचं घड्याळ बघून यंत्राची तारीख लावली, वेळ लावली आणि झाकण बसवायला घेतलं. दोन वाजले. रेकॉर्डरवरचा लाल दिवा आपोआप लागला, आत डिस्क फिरू लागली.

"टायमर लावलाय कुणीतरी," केदार म्हणाला. "रविवार सोडून रोज, दोन ते अडीच. डिस्क बदलली तरी हे यंत्राच्या लक्षात राहतं."

"तिची मालिका," गुरुजी म्हणाले. "ती ड्युटीवर असायची ना. सांच्याला आली की चपला काढायच्या आधी इचारायची, मशीननं घेतलं का म्हणून. ती गेली त्या दिवसापासनं मी पिनच काढून ठेवली हुती."

"बंद करतो. सेट-टॉप बॉक्स जोडलेला नाही, नुसता निळा पडदा घेतंय."

"ऱ्हाऊ दे."

केदारनं रिमोट खाली ठेवला. डबा खायची वेळ झाली होती, पण त्यानं तो उघडला नाही. गुरुजी गुडघ्यांवर हात ठेवून निळ्या पडद्याकडं बघत बसले. चार्जर घ्यायला आलेल्या एका बाईनं दोघांकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं आणि नंतर येते म्हणून ती निघून गेली.

अडीचला दिवा विझला. यादीत आता एक ओळ होती. आजची तारीख, दोन ते अडीच.

"पुसून देऊ का, गुरुजी? काहीच नाही यात."

"पुसू नको. लाव."

"आत्ता? घरी नेऊन निवांत बघा की."

"न्हाई, आत्ताच," गुरुजी म्हणाले. "अन् शेवटापर्यंत लाव."