तिसावी फेरी

तांब्याचा पत्रा हातप्रेसखाली नागमोडी वाकवायचा, पुन्हा सपाट करायचा, पुन्हा वाकवायचा. असं करत गेलं की आतले कण बारीक होतात आणि पत्रा कडक होत जातो. माझा अख्खा प्रबंध एवढ्यावर उभा होता. रोज एक, अशा तीस फेऱ्या झाल्या. खांद्यांची पार वाट लागली, घरी वेणी घालायला हात वर जाईनात.

आज चाचणीचा अहवाल आला. पत्रा पहिल्या दिवशी होता तेवढाच मऊ.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "प्रेसला हात तरी लावलास का गं?"

तेवढ्यात प्रयोगशाळेतले मदतनीस काका आत आले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी भांड्यांच्या कारखान्यात पत्रा ठोकण्यात काढलेली. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा सरांना, मी रोज किती राबत होते ते."

"सांगतो की. माझ्या डोळ्यांदेखत राबलीय पोर."

 

"हाल बघवेनात साहेब, म्हणून ही घरी गेली की कारखान्यात करायचो तसा मी रोज तो पत्रा भट्टीत तापवून परत मऊ करून ठेवायचो."